छोट्या लाइनचा वारसा: इंजिनाच्या आधी काय वाचवायचं?

रेल्वेचा वारसा जपायचा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली असते: स्टेशनसमोर चौथरा बांधा आणि त्यावर वाफेचं एक जुनं इंजिन आणून ठेवा. ही सूचना मनापासून येते. हिंगोली जिल्ह्यात तर ती जिव्हाळ्याचीही आहे, कारण १९१२ पासून २००८ पर्यंत या भागानं मीटरगेजची छोटी लाइनच पाहिली. कापसाचे गठ्ठे तिनं नेले, औंढा नागनाथ आणि नर्सीकडे जाणारे भाविक तिनं आणले. शिकायला आणि नोकरीला बाहेर पडलेल्या पिढ्याही त्याच डब्यांतून गेल्या.

पण इंजिन चौथऱ्यावर चढवल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. इंजिन उभं ठेवणं, ते पुन्हा वाफेवर आणणं आणि ते वर्षानुवर्षं धावतं ठेवणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. तिन्हींचा खर्च वेगळा, लागणारी माणसं वेगळी आणि धोकेही वेगळे. या तिन्ही कामांबद्दल देशात, महाराष्ट्रात आणि बाहेर काय अनुभव आहे, आणि त्यातून हिंगोली-पूर्णा पट्ट्यानं काय घ्यावं, याचा हा आढावा आहे. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. इथे सगळ्यात आधी वाचवायला हवं ते वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या माणसांचं ज्ञान. लोखंडाचा नंबर त्यानंतरचा.

शेवटचं स्टेशन ते जोडरेषा

हैदराबाद संस्थानात रेल्वे आली ती १८७४ मध्ये, वाडी ते सिकंदराबाद या ब्रॉडगेज मार्गानं. पुढे १८८३ मध्ये निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला रेल्वे आली ती एकोणिसावं शतक सरताना. गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद ते मनमाड अशी मीटरगेज लाइन टाकली गेली आणि नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावं एका धाग्यात आली. याच लाइनवरच्या पूर्ण्याहून १९१२ मध्ये एक फाटा निघाला, वसमत आणि बोल्ड्यावरून हिंगोलीपर्यंत. हिंगोली तेव्हा कापसाची मोठी पेठ होती. हैदराबाद कंटिंजंटची छावणीही १९०३ पर्यंत इथे होती.

त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक हिंगोली हे शेवटचं स्टेशन होतं. रूळ इथे संपत. उत्तरेला वाशिम, अकोला आणि पुढे खांडवा, पण मध्ये लाइन नव्हती. स्वातंत्र्यानंतर खांडवा-हिंगोली जोडमार्गाचं काम हाती घेतलं गेलं आणि १९६० च्या सुमारास तो सुरू झाला. त्यामुळे काय बदललं हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. तोवर राजस्थान-माळव्याकडचं मीटरगेजचं जाळं आणि दख्खन व दक्षिणेतलं मीटरगेजचं जाळं एकमेकांपासून तुटलेलं होतं. ते या मार्गानं जोडलं. राजस्थानात भरलेला मीटरगेजचा डबा माल न उतरवता हिंगोलीवरून थेट हैदराबादच्या पुढे जाऊ लागला. जयपूर ते काचीगुडा धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस हे या जोडणीचं लोकांना आठवणारं रूप. आडबाजूचं शेवटचं स्टेशन देशाच्या उत्तर-दक्षिण मार्गावरचं स्टेशन झालं.

या काळात मालक बदलत गेले. १९३० मध्ये संस्थानानं रेल्वे स्वतःकडे घेतली, १९५० मध्ये ती भारतीय रेल्वेत आली, १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ मध्ये नव्या दक्षिण मध्य रेल्वेत. पुढे १९९२ मध्ये देशभर एकच गेज ठेवण्याचं धोरण आलं. मनमाड-औरंगाबादपासून रुंदीकरण सुरू झालं आणि मीटरगेजचे तुकडे पडत गेले. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोला-खांडवा भागातली छोटी लाइन २०१७ च्या सुरुवातीला थांबली. वाफेची इंजिनं त्याच्या बरीच आधी गेली होती. त्यांच्या जागी वायडीएम-४ जातीची डिझेल इंजिनं आली आणि शेवटी त्यांच्याखालचे रूळही बदलले.

हा इतिहास इतक्या तपशिलात सांगितला, कारण जपायचं काय हे त्यावरून ठरतं. हिंगोलीचा रेल्वेवारसा एका इंजिनात मावत नाही. संस्थानी फाटा, देशाला जोडणारी लाइन आणि पूर्ण्याचं लोको शेड व रेल्वे वसाहत हे सगळं त्यात येतं.

वायपी आणि वायजी

इंजिनाचाच विचार करायचा तर या मार्गासाठी दोन नावं पुढे येतात: वायपी आणि वायजी. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय रेल्वेनं मीटरगेजसाठी जी प्रमाणित इंजिनं ठरवली, त्यांतली ही मुख्य. वायपी प्रवासी गाड्यांसाठी, वायजी मालगाड्यांसाठी. वायपीची सहा चालक चाकं साडेचार फूट व्यासाची, म्हणजे वेगासाठी. वायजीची आठ, चार फूट व्यासाची, म्हणजे ओढीसाठी. दोन्हींच्या बॉयलरचा कामाचा दाब चौरस इंचाला २१० पौंड. वायपीचं वजन दर आसाला साडेदहा टनांच्या आसपास येईल असं ठेवलं होतं, म्हणजे हलक्या रुळांवरही ती धावू शके.

वायपीचे पहिले नग १९४९ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडून आले. पुढे ब्रिटन आणि जर्मनीतल्या कारखान्यांनी ती बांधली आणि नंतर जमशेदपूरच्या टेल्कोनं मोठ्या संख्येनं. एकूण ८७१ वायपी आणि १,०७४ वायजी बांधल्या गेल्या. भारतात बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिनही वायजीच, १९७२ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं.

दुरुस्तीच्या दृष्टीनं हे आकडे मोलाचे आहेत. एकाच नकाशावरून शेकडो इंजिनं बनली, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. संस्थानी काळातलं एखादं दुर्मीळ इंजिन पुन्हा उभं करायचं तर प्रत्येक भाग नव्यानं घडवावा लागतो. वायपी किंवा वायजीसाठी निदान सुटे भाग देणारी भावंडं देशात ठिकठिकाणी उभी आहेत. मराठवाड्यातल्या लोकांनी ज्या इंजिनाची शिटी ऐकली तेही हेच. म्हणजे भावना आणि व्यवहार इथे एकाच दिशेला बोट दाखवतात.

वाफेवर आणणं म्हणजे नेमकं काय

उघड्यावर ठेवलेल्या इंजिनाला बाहेरून रंग दिला की ते नवं दिसतं. खरी झीज आत असते. धूरपेटीत राहिलेली राख ओल धरते. कोळशातल्या गंधकामुळे ती ओल आम्लधर्मी होते आणि पत्रा आतून खाते. बॉयलरवरच्या आच्छादनात पावसाचं पाणी मुरतं आणि तिथेच राहतं. जुन्या आच्छादनात अॅस्बेस्टॉस असेल तर ते काढणं हेच एक स्वतंत्र आणि धोक्याचं काम होतं. शिवाय पितळी गेज, इंजेक्टर, तेलाच्या कुप्या, नळ्या यांना भंगारात भाव असतो, त्यामुळे त्या टिकत नाहीत.

पुनरुज्जीवनाचा मुख्य खर्च आणि मुख्य धोका बॉयलरमध्ये असतो. २१० पौंड दाबाला आतलं पाणी सुमारे २०० अंश सेल्सिअसला असतं आणि तरी द्रवरूपातच राहतं. पत्रा फाटून दाब अचानक सुटला तर तेच पाणी क्षणात वाफ होऊन कित्येक पटींनी फुगतं. म्हणून काम बॉयलर सांगाड्यावरून उचलण्यापासून सुरू होतं. धुराच्या नळ्या काढायच्या, आतली खपली खरवडायची, पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजायची, जिथे पातळ झाला तिथे तो कापून नवा जोडायचा.

बॉयलरच्या पोटातला फायरबॉक्स म्हणजे एका पेटीत बसवलेली दुसरी पेटी. दोन्हींच्या मध्ये पाणी. या दोन भिंती दाबानं एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून शेकडो स्टे, म्हणजे दोन्ही पत्र्यांतून आरपार गेलेले आखूड दांडे, त्यांना धरून असतात. प्रत्येक स्टेच्या टोकाला बाहेरच्या बाजूनं मधोमध एक बारीक भोक पाडलेलं असतं. आत कुठे स्टे तुटला की त्या भोकातून पाणी झिरपायला लागतं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळतं की इथे काहीतरी गेलं आहे. जुना बॉयलरमेकर हातोडी घेऊन एकेक स्टे ठोकत जातो. शाबूत स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. तो आवाज कानात बसायला वर्षं जातात. ते भोक कधीही बुजवायचं नाही, पाणी झिरपलं म्हणून त्यात खिळा ठोकून काम भागवायचं नाही, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. शेडमध्ये ते उस्तादाच्या ओरड्यातून अंगात मुरतं.

बॉयलर झाला की बाकीचं इंजिन. चाकांच्या आसांना पेलणाऱ्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओततात. ते गार झालं की फिटर आसाला निळा रंग लावतो, बेअरिंग त्यावर फिरवतो आणि जिथे जिथे निळा डाग उठला तिथला धातू स्क्रेपरनं खरवडतो. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं, पुन्हा खरवडणं, जोवर डाग सगळीकडे सारखा उठत नाही तोवर. हे घाईत केलं तर पहिल्याच फेरीत बेअरिंग तापतं आणि धातू वितळून वाहून जातो. सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह, चाकांवरचे टायर, व्हॅक्युम ब्रेक यांचीही अशीच एकेक परीक्षा.

मग कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबानं पाण्याची चाचणी, त्यानंतर वाफेची चाचणी, आणि मगच इंजिन रुळावर. तिथून तिसरं काम सुरू होतं, धावतं ठेवण्याचं. थंड इंजिन सावकाश तापवावं लागतं. घाई केली की पत्रे असमान फुगतात आणि जोड ताणले जातात. ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून वॉशआउट करावा लागतो. काळ्या खडकातल्या विहिरी-बोअरचं आपल्याकडचं जड पाणी तसंच भरलं तर नळ्यांवर खपली धरते, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा तापून दुबळा होतो. म्हणजे पाणी मऊ करण्याची सोय आली, योग्य कोळसा आला, राखेचा खड्डा आला. एका इंजिनामागे एक लहान लोको शेड उभं करावं लागतं.

देशातले अनुभव

हे सगळं भारतात जमलं आहे, आणि उत्तम जमलं आहे. १८५५ मध्ये लीड्सला बनलेलं फेअरी क्वीन १९०९ मध्ये निवृत्त झालं होतं. १९९७ मध्ये ते दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावलं आणि जगातलं सर्वांत जुनं कार्यरत वाफेचं इंजिन म्हणून गिनीजमध्ये नोंदलं गेलं. त्याच्याच वयाचं एक्स्प्रेस हे इंजिन चेन्नईच्या पेरांबूर कार्यशाळेनं २०१० मध्ये वाफेवर आणलं. हरियाणातलं रेवाडीचं १८९३ चं शेड २००२ मध्ये वारसा शेड म्हणून पुन्हा उघडलं गेलं आणि तिथे ब्रॉडगेजसोबत मीटरगेजची इंजिनंही जिवंत ठेवली गेली. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेनं निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी एक्स वर्गाची इंजिनं नव्यानं बांधली. वाफेचा बॉयलर घडवण्याची विद्या या देशातून गेलेली नाही, याचा हा पुरावा आहे.

या उदाहरणांतून एक समान गोष्ट दिसते. जिथे कार्यशाळा आहे आणि वाफेवर काम केलेल्या जुन्या हातांखाली नवी माणसं तयार झाली, तिथेच इंजिन टिकलं. दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका-सिमल्याला २००८ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. त्यामुळे पैसा आणि लक्ष दोन्ही आलं. पण दार्जिलिंगची वाफ मान्यतेच्या आधीपासून अखंड होती आणि तिथल्या शेडमध्ये बापाकडून मुलाकडे जाणारं काम चालू होतं. मान्यतेनं त्याला बळ दिलं.

महाराष्ट्राचा हिशेब

महाराष्ट्र हे भारतीय प्रवासी रेल्वेचं जन्मस्थान. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. इमारतींच्या बाबतीत आपण जागे आहोत. धावत्या वाफेच्या बाबतीत आपली नोंद तितकी अभिमानाची नाही.

बार्शी लाइट रेल्वेचंच घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी गेजवर, आसाला पाच टन या मर्यादेत अवजड माल कसा नेता येतो हे इथे करून दाखवलं. १८९७ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली, आणि नॅरोगेज रेल्वेच्या जागतिक इतिहासात तिचं नाव आदरानं घेतलं जातं. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनं पंढरीला नेल्या. तिच्या मार्गाचं रुंदीकरण झालं ते योग्यच झालं, पण कॅलथ्रॉपच्या मूळ मार्गाचा काही मैलांचा तुकडाही वारसा म्हणून धावता ठेवला गेला नाही.

विदर्भातली शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाइन, हिंगोलीच्या शेजारची. तिचं १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, सत्तर वर्षांहून जास्त, गाडी ओढत होतं. त्यानंतर डिझेल आलं आणि पुढे गाड्याच थांबल्या. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेचं नशीब बरं, ती अजून चालते. तिच्या मूळ चार वाफेच्या इंजिनांपैकी एक मात्र परदेशी संग्राहकांकडे गेलं.

जमेच्या बाजूलाही ठळक नोंदी आहेत. नागपूरच्या मोतीबाग भागात २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. जबलपूरपर्यंत पसरलेलं सातपुड्याचं नॅरोगेज जाळं उखडण्याच्या आधी ते उभं राहिलं, त्यामुळे इंजिनं, डबे, सिग्नल, उपकरणं वेळेत तिथे आली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी एका माणसाच्या ध्यासातून लघुरेल्वेचं संग्रहालय उभारलं, ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना रेल्वेची गोडी त्या संग्रहालयानं लावली. नागपूरकडून वेळ साधायला शिकावं, पुण्याकडून चिकाटी.

बाहेरच्या जगाकडून

वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. रेल्वे वाचवण्यासाठी सामान्य लोकांनी पुढे येण्याची जगातली ती पहिली मोठी घटना मानतात. ब्रिटनमधली नियमित वाफ १९६८ मध्ये संपली, तेव्हा वेल्समधल्याच बॅरी गावच्या भंगारवाल्याकडे शेकडो इंजिनं रांगेनं उभी होती. त्यातली २१३ इंजिनं लोकांनी वर्गणी काढून सोडवली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या कामगारांनी हौशी पोरांना हाताला धरून शिकवलं आणि त्यांतली कित्येक पुन्हा धावली. २००८ मध्ये तिथे टॉर्नेडो नावाचं नवं मोठं इंजिन लोकवर्गणीतून बांधून पूर्ण झालं. त्याचा बॉयलर मात्र जर्मनीतल्या मायनिंगनच्या कार्यशाळेत करावा लागला, कारण तेवढा बॉयलर करणारे हात तिथेच सलग कामात राहिले होते.

दुसरा धडा अमेरिकेचा आणि तो कठोर आहे. १९९५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला पर्यटक गाडी ओढणाऱ्या १२७८ क्रमांकाच्या इंजिनात पाणी कमी झालं, फायरबॉक्सचं छत उघडं पडून तापलं आणि फाटलं. इंजिनावरचे तिघे भाजले. जीव वाचले ते मूळ बांधणीतल्या शहाणपणामुळे, कारण स्टे एकदम न सुटता टप्प्याटप्प्यानं सुटले. चौकशीत निघालं की पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या वाटा खपलीनं तुंबल्या होत्या आणि माणसांचं प्रशिक्षण अपुरं होतं. त्यानंतर तिथले नियम बदलले. १,४७२ वाफेचे दिवस किंवा १५ वर्षं, जे आधी येईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासणं सक्तीचं झालं. उत्साही पण अर्धशिक्षित हातांत वाफ देऊ नये, हे या घटनेनं शिकवलं. आपल्याकडे कोणी धावत्या इंजिनाचं स्वप्न पाहत असेल तर त्यानं हा अहवाल आधी वाचावा.

धूळघाट, पाताळपाणी आणि जंगल

आपल्या मार्गावरची सगळ्यात देखणी जागा हिंगोलीत नाही, मेळघाटात आहे. अकोट-खांडवा भागात धूळघाटजवळ रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःलाच वरून ओलांडत. कमी जागेत उंची गाठण्यासाठी केलेली ही रचना. रुंदीकरणाचा मूळ आराखडा याच जंगलातून जात होता. मेळघाट हा १९७० च्या दशकात व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आला, त्यामुळे वनप्रेमींनी विरोध केला आणि बुलढाणा जिल्ह्याच्या बाजूनं जंगलाबाहेरचा मार्ग पुढे आला. वारसाप्रेमींपैकी काहींना वाटतं की जंगलातल्या जुन्या मार्गावर पर्यटक गाडी सुरू करावी. मला हे पटत नाही. वाघाच्या गाभाक्षेत्रात शिटी घुमवणारा वारसा आपल्याला नको. धूळघाटचं वळण मोजून, रेखाटून, छायाचित्रांत आणि त्रिमितीत नोंदवून ठेवावं, पूल आणि मोऱ्यांचे मूळ नकाशे जपावेत आणि जंगलाला शांतता द्यावी.

धावत्या मीटरगेजची सोय याच जुन्या मार्गाच्या उत्तर टोकाला आहे. महूजवळ पाताळपाणी ते कालाकुंड या घाटात डिसेंबर २०१८ पासून वारसा गाडी धावते. होळकर संस्थानाच्या काळातली ही लाइन मीटरगेजवरच ठेवली आहे. सध्या तिथे डिझेल इंजिन चालतं. मराठवाड्याच्या आठवणीतली वायपी कधी वाफेवर आली तर ती धावण्यासाठी योग्य जागा हीच, कारण हिंगोलीत आता ब्रॉडगेज आहे आणि ब्रॉडगेजवर मीटरगेजचं इंजिन चालत नाही.

हिंगोलीनं काय करावं

पैशाचा आक्षेप आधी घेतो. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याचं पीक एका अवकाळीत जातं आणि सिंचनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तिथे इंजिनावर खर्च का करायचा? आक्षेप खरा आहे, म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. मी सुचवतो त्यातलं पहिलं काम जवळजवळ फुकट होतं.

पूर्ण्याच्या शेडमध्ये आणि या मार्गावर वाफेच्या काळात काम केलेले फायरमन, ड्रायव्हर, फिटर, बॉयलरमेकर, खलाशी, गँगमन, स्टेशनमास्तर यांच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात. १९८० च्या दशकात जो पंचविशीत होता तो आज सत्तरीकडे झुकला आहे. आठवणींच्या गप्पा एवढ्यानं भागणार नाही. आग कशी मांडायची, चढावर पाणी कुठवर ठेवायचं, कोणत्या स्टेशनचं पाणी वाईट होतं, कोळसा चुऱ्याचा आला तर काय करायचं, बेअरिंग तापतंय हे वासावरून कसं ओळखायचं, हे नेमके प्रश्न हवेत, आणि शक्य तिथे हाताच्या हालचालीचं चित्रीकरण. हे काम हिंगोली, वसमत, परभणी आणि नांदेडच्या महाविद्यालयांतले इतिहासाचे विद्यार्थी आणि आयटीआयचे फिटर ट्रेडचे विद्यार्थी मिळून करू शकतात. विद्यापीठानं त्याला प्रकल्पाचा दर्जा द्यावा.

दुसरं काम वस्तूंचं. टोकनचे गोळे आणि त्यांची यंत्रं, हातकंदील, पुठ्ठ्याची तिकिटं, वेळापत्रकं, पाणी भरण्याचे खांब, सिग्नलचे हात, जुन्या पाट्या यातलं बरंचसं भंगारात गेलं, काही घराघरांत आहे. रुंदीकरणानंतर निकामी झालेली एखादी इमारत पूर्णा किंवा हिंगोलीत मिळाली तर छोटं संग्रहालय तिथे होऊ शकतं. औंढा नागनाथला भाविक येतातच. जवळच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची प्रयोगशाळा उभी राहते आहे आणि तिच्यामुळे देशभरचे विद्यार्थी व शास्त्रज्ञ या जिल्ह्यात येऊ लागतील. त्यांच्या वाटेवर यंत्रयुगाचं हे दालन शोभेल.

तिसरं काम इंजिन, आणि तेही आधी उभ्या रूपात. पण छपराखाली. उघड्या चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन म्हणजे हप्त्याहप्त्यानं केलेलं भंगार. छप्पर, कुंपण, राख काढून कोरडी ठेवलेली धूरपेटी, दरवर्षी गंजरोधक काम आणि कोणत्या महिन्यात काय तपासलं याची वही, एवढं असेल तर ते इंजिन पन्नास वर्षांनीही वाफेवर आणता येईल. एका बाजूचा पत्रा कापून आतल्या नळ्या आणि स्टे मुलांना दाखवायचे असतील, तर त्यासाठी मोडीत निघालेला वेगळा बॉयलर वापरावा, शाबूत इंजिनाला हात लावू नये.

वाफेवर आणण्याचा निर्णय यानंतरचा, आणि तो हिंगोलीनं एकट्यानं घेऊ नये. रेवाडी, पेरांबूर किंवा गोल्डन रॉकसारख्या कार्यशाळेच्या हवाली बॉयलर करावा, आपल्याकडची पाच-दहा मुलं तिथे शिकायला पाठवावीत, आणि इंजिन धावेल ते पाताळपाणीच्या घाटात. ती मुलं परत आली म्हणजे इथल्या उभ्या इंजिनाचीही देखभाल जाणत्या हातांनी होईल.

बॉयलरचा पत्रा नवा करता येतो, नळ्या नव्या टाकता येतात, अख्खं इंजिनही पुन्हा बांधता येतं. गोल्डन रॉकनं ते दाखवलं, टॉर्नेडोनं दाखवलं. स्टे ठोकून आवाजावरून तो तुटलाय हे ओळखणारा पूर्ण्याचा बॉयलरमेकर गेला की त्याची विद्या परत बनवणारा कारखाना कुठेही नाही. म्हणून इंजिनासाठी निवेदनं द्यायच्या आधी, येत्या वर्षा-दोन वर्षांत, त्या माणसांच्या दारात जायला हवं. त्यासाठी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.